बोटीचं चौथं तोंड

मी मोटरसायकल लावून काठावर उतरलो तेव्हा लंकाबाई बोटीवरची ताडपत्री काढून तिची घडी घालत होती. इतकी सावकाश, की मी दोनदा खाकरलो तरी तिने मान वर केली नाही. मला जरा रागच आला. बोरी बुद्रुकहून डिंभ्याच्या पाण्यापर्यंत यायचं म्हणजे कंबरेचा भुगा, आणि इथं या म्हणायलाही कोणी नाही!

शेवटी तिचा मुलगा सुनील धावत आला. "दादाभाऊ, आले का? आई, हे मिस्त्री." त्यावर ती म्हणाली, "बसा पावणं, च्या करते," आणि घडी तशीच अर्धवट सोडून वर वाडीकडे निघून गेली. तो चहा आला, पण त्यात साखर नव्हती. मी तोंड वाकडं केलं तसा सुनील हळूच म्हणाला, "घ्या तसाच. दोन वर्सं झाली, असंच चाललंय."

मी इंजिनवाला माणूस. विहिरीवरचा पंप असो, ट्रॅक्टर असो, जे जे म्हणून धूर सोडतं ते मी खोललेलं आहे. बोट मात्र आयुष्यात कधी खोलली नव्हती. सुनील आणि माझा पुतण्या चाकणला एकाच कंपनीत. पुतण्याने माझी एवढी टिमकी वाजवून ठेवलेली, की 'बोटीचं मला काही कळत नाही' असं म्हणायची सोयच राहिली नव्हती. आणि तसं म्हणायचा माझा स्वभावही नाही.

चहा पिता पिता सुनीलने सगळं सांगितलं.

लंकाबाई तळेघरकडची. तिथली माणसं बाजाराला जाताना डोंगर उतरून जातात आणि चढून येतात, कोणी त्याचं कौतुक करत नाही. लग्न होऊन ती या वाडीत आली तेव्हा धरणाचं पाणी आधीच वर आलेलं होतं. खालची भातखाचरं बुडालेली, वर उतारावर राहिली ती नाचणीची. तिच्या नवऱ्याने, सावळारामने, मग पाण्यावरच पोट भरायचं ठरवलं. जुनी लोखंडी पत्र्याची लाँच मिळवली आणि या काठाची माणसं त्या काठाला नेऊ लागला. तो इंजिनापाशी आणि लंकाबाई पुढे टोकाला, हातात दोर घेऊन. काठ जवळ आला की हीच आधी उडी मारायची, दोर झाडाला आवळायची, मग बाकीच्यांनी उतरायचं. हिरड्याची पोती, शेरडं, मास्तर, नवऱ्या मुली, अडलेल्या बाया, सगळं तिच्या त्या दोराला धरून उतरलेलं. पुढे सावळारामच्या गुडघ्यांनी दगा दिला तसं चाकही हिच्याच हातात आलं. तो शेजारी बसून नुसता आवाज ऐकायचा आणि 'कमी कर', 'वाढव' म्हणायचा.

दरवर्षी उन्हाळ्यात पाणी आत सरकलं की बोट काठावर ओढून ठेवायची आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्यात ढकलायची. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सावळारामने बोट वर घेतली, झाकली, आणि त्याच आठवड्यात त्याच्या छातीत कळ आली. जीपने घोडेगावला नेईपर्यंत खेळ आटोपला होता.

"आई रडली न्हाई," सुनील म्हणाला. "लोकं म्हनाली बाई दगड झाली. तेव्हापासनं काय बी इचारा, 'काय बी' म्हनती. भाकर नाचणीची करू का तांदळाची? काय बी. डागदरकडं जायचं? काय बी."

मग त्याने गळ्याशी आलेलं बोलून टाकलं. त्याची सुट्टी संपत आली होती. आईला एकटीला इथं ठेवून त्याला तिकडे झोप लागत नव्हती. तेव्हा त्याने ठरवलं होतं, बोट नीट चालली तर आई इथं राहील, बोट चालवील, वाडीतली माणसं येता-जाता तिच्याकडे बघतील. नाही चालली तर भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं. तो पत्रा कापून नेईल, घराला कुलूप लागेल, आणि आई चाकणच्या खोलीवर.

"आक्कांना काय पाहिजे?" मी विचारलं.

"तेच तर सांगंना."

मी खुद्द तिलाच विचारलं. मला आडवळण जमत नाही. "आक्का, तुमाला हितं ऱ्हायचंय का चाकणला जायचंय?"

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "काय बी."

खरं सांगतो, मला तिचा संताप आला. माणूस आपल्या घरादाराबद्दल असं बोलतं का? म्हटलं, जाऊ दे, आपण इंजिन बघावं.

सकाळीच वाडीच्या गड्यांनी बोट पाण्यात ढकलून काठाला बांधून ठेवली होती. मी आत उतरलो, आणि इंजिनावरचं फडकं काढून बघतच राहिलो. दोन पावसाळे पडून असलेलं इंजिन म्हणजे गंज, उंदरांची घरटी आणि कुंभारीण माशीची मातीची मडकी. ही माशी आमच्याकडे बंद पंपाच्या नळीत असं पक्कं घर बांधते, की गवंड्याने लाजावं. इथं त्यातलं काही नव्हतं. धुराच्या नळकांड्यात बोट घातलं तर स्वच्छ.

"मेणानं बुजवीत्यात," लंकाबाई म्हणाली. मी विचारलं नव्हतं, तरी बोलली. "मोहळाचं मेण. तोंडं समदी बुजवायची. मग माशी शिरंना, दमट शिरंना."

तिने बाकड्याखालून एक करवंटी काढून दाखवली. करवंटीत पिवळसर काळ्या मेणाचे तीन गोळे होते. दरसालचं तेच मेण. उन्हाळ्यात गरम करून सावळाराम नळ्यांच्या तोंडांत दाबायचा, पावसाळ्यात काढून पुन्हा करवंटीत ठेवायचा. यंदा तिने काढलं होतं. एक धुराच्या नळीचं, एक हवेच्या तोंडाचं, एक डिझेलच्या टाकीचं. कोयत्याच्या टोकाने उकरल्यामुळे तिन्ही गोळ्यांचे टवके उडाले होते.

नवं तेल, नवं डिझेल घातलं, हँडल मारलं, आणि इंजिन असं उठलं जसं काही काल रात्रीच झोपलं होतं. काठावरच्या चार-दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मी हात पुसत सुनीलला म्हणालो, "बघ, कायबी झालेलं न्हाई." एवढं बोलेपर्यंत इंजिनातून तापलेल्या कढईसारखा वास यायला लागला. त्याच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र झाला. घाईघाईने बंद केलं.

तापतंय म्हणजे अंगात पाणी फिरत नाही, एवढं शेंबडं पोरही सांगेल. बोटीचं इंजिन खालून तळ्याचंच पाणी ओढतं, ते अंगातून फिरवून मागच्या नळीतून बाहेर टाकतं. मागची नळी कोरडी ठणठणीत होती. मी पाण्याचा छोटा पंप खोलला. आतल्या रबरी चक्राच्या पाकळ्या दोन वर्षं एकाच जागी दबून वाकल्या होत्या, दोन तर तुटून हातात आल्या. मला आनंद झाला. दुखणं सापडलं! नशिबाने माझ्या पेटीत त्याच मापाचं रबर होतं. बसवलं, चालू केलं, तरी पाणी नाही.

मग मी आमच्या देशावरचा उपाय काढला. आमच्याकडे पंपाने पाणी सोडलं की त्याला तांब्याने पाणी पाजतात. मी नळीत तांब्या रिकामा केला आणि हँडल मारलं. मागून भसकन पाणी उडालं! काठावरून लोक ओरडले, "आलं, आलं!" पण तांब्याभर पाणी तांब्याभरच पुरणार. पुन्हा पाजलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. अर्धं तळं मी तांब्यानेच पाजलं असतं, पण एका म्हाताऱ्याने विचारलं, "बोट त्या काठाला न्यायची तर संगं तांब्याबी घ्यावा लागंल का?" लोक हसले. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

आमच्याकडच्या मिस्त्रींची दुसरी खोड म्हणजे तापणाऱ्या इंजिनातला थर्मोस्टॅट काढून फेकणे. तोही काढला. फरक शून्य. अंगातल्या पाण्याच्या वाटा तारेने साफ केल्या, तिथं गाळ चिमूटभर. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं माझं, आणि दिवस चालला होता वर.

याच वेळी ते झालं. इंजिन पुन्हा बंद केलं होतं. लंकाबाई जवळ आली, वाकली आणि इंजिनाच्या डोक्यावर तिने पालथा नव्हे, पुरा पंजा ठेवला. पोराला ताप आलाय का बघताना ठेवतात तसा. आणि ठेवूनच राहिली.

"तापलंय," ती म्हणाली.

"अवो आक्का, हात काढा!" मी ओरडलो आणि तिचं मनगट धरून ओढलं. पंजा लाल झाला होता, बघता बघता टरारून फोड आला. माणसाने कळवळायला हवं की नाही? ती त्या फोडाकडे अशी बघत होती जसा तो शेजारणीच्या हाताला आलाय. सुनीलने तिचा हात पाण्यात धरला. तिने धरू दिला. पोरगा रडवेला झाला होता, ती नव्हती.

माझा सगळा राग तिथंच निवला. मला भीती वाटली. जिवंत माणसाला कळ कळत नाही म्हणजे काय, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "सुनील, एक पिंप आण भरून." पिंप बोटीत ठेवलं, एक नळी पिंपातून थेट पंपाला जोडली आणि इंजिन सुरू केलं. मागच्या नळीतून पाण्याची धार लागली, ती थांबेचना. पिंप संपेपर्यंत इंजिन चाललं आणि हात ठेवता येईल इतपतच कोमट राहिलं. म्हणजे इंजिन निर्मळ होतं, माझं रबर निर्मळ होतं. तळ्याचं पाणीच पंपापर्यंत येत नव्हतं. मधली जाळी पाहिली तर तीही चकचकीत.

आता राहिली जाळीच्या पलीकडची, तळाकडून येणारी नळी. ती बोटीच्या तळाला एका कॉकवर, म्हणजे तोटीवर, बसवलेली होती. ती सोडायला मी सकाळपासून बिचकत होतो. आमच्या विहिरीवर नळीचं तोंड पाण्यात लोंबकळतं, वरून वाकून दिसतं. इथं तळालाच भोक! काढलं आणि बोट बुडाली तर? सुनीलला बादली घेऊन उभा केला, देवाचं नाव घेतलं आणि नळी उपसली.

एक थेंबसुद्धा आला नाही.

कॉक पुरा उघडा. बोट पाण्यात, भोक पाण्याच्या खाली आणि आत कोरडं! मी तार घातली. ती वीतभर गेली आणि अडली.

"आक्का," मी विचारलं, "ह्या बोटीखाली काय हाय?"

ती विचार करत राहिली. तिला आठवायला किती कष्ट पडतात ते तिच्या कपाळावर दिसत होतं. मग म्हणाली, "बोट वर घेतली का सुनीलचं आबा खाली उताणं पडायचं. गुडघं दुखायचं तरी पडायचं. मी म्हनायची काय करता? म्हनायचं, हाय एक काम. मला वाटायचं पंखा पुसत्यात."

सुनीलने सदरा काढला आणि पाण्यात उतरला. पाणी त्याच्या छातीला लागत होतं. श्वास घेऊन बोटीखाली गेला, वर आला. "जाळीचं भोक हाय. पर त्याच्यावर कायतरी गुळगुळीत बसवलंय. दगड न्हाई."

लंकाबाई जागची उठली. सकाळपासून मी तिला भरभर हलताना पाहिलं नव्हतं. बोटीच्या कडेला ओणवी होऊन ती पोराला म्हणाली, "पाना लावू नगं. नख लाव कडंनं. सावकाश."

तो पुन्हा गेला. बराच वेळ लागला. मग बोटीच्या आत, माझ्या पायाशी, उघड्या कॉकमधून पाण्याची जाडजूड धार उसळली. मी धडपडत कॉक बंद केला, तरी कंबरेपर्यंत भिजलोच. म्हातारे खो खो हसले. सुनील वर आला तेव्हा त्याच्या हातात मेणाचा चौथा गोळा होता, अख्खा.

तोंडं चार होती. सावळारामने चारही बुजवली होती आणि तो गेला. दरसाल बुजवणारा तोच, उघडणारा तोच, म्हणून कोणाला मोजायची वेळच आली नव्हती. लंकाबाईला दिसत होती ती तीनच. काखेत कळसा म्हणतात तो हा.

सुनीलने गोळा आईच्या हातात दिला. पोळलेल्या हातातच दिला, त्याच्या ध्यानात आलं नाही. तिने तो उलटा केला. मेण थंड पाण्यात राहून कडक झालेलं. वरच्या बाजूला आंगठ्याने दाबल्याचा खोलगट ठसा होता, आणि ठशाच्या मधोमध एक आडवी चीर.

"नाचणी कापताना त्यांच्या आंगठ्याला लागला व्हता इळा," ती म्हणाली. "लग्नाच्या वर्सी. टाकं घालाय कोन व्हतं? हळद दाबली म्या."

तिने त्या खळग्यात स्वतःचा आंगठा ठेवला. तिचा आंगठा लहान, भोवती जागा राहिली. बऱ्याच वेळाने ती सुनीलकडे वळून जरा आश्चर्यानेच म्हणाली, "माझा हात पोळलाय रं. लई आग व्हतीया."

"व्हय आई," सुनील म्हणाला. "मघाशी पोळला."

मी पाठ फिरवून नळी जोडायला घेतली. माझं आवळून झालं तरी मी पाना फिरवतच राहिलो.

इंजिन सुरू केलं. मागून धार पडायला लागली, तळ्याचं पाणी तळ्यात. मी इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवून पाहिला, कोमट. सुनील चाकाकडे बघत उभा होता. लंकाबाई पुढे गेली, पोळलेला हात पदरात गुंडाळून दुसऱ्या हाताने चाक धरलं आणि म्हणाली, "दोर सोड."

आम्ही त्या काठाला गेलो. वाटेत ती एकदाच बोलली. आवाज जड व्हायला लागला तेव्हा मीच सांगणार होतो, त्याआधी ती स्वतःशीच म्हणाली, "कमी कर," आणि तिनेच कमी केलं. इंजिन शेवटपर्यंत तापलं नाही. उतरताना दोर घेऊन सुनीलने उडी मारली आणि चिखलात बसला, ते पाहून मला हसू आलं, पण तिला आलं नाही. तिने फक्त वळवून बोट परत आणली.

इकडच्या काठाला आलो तेव्हा सुनील तो मेणाचा गोळा रुमालात गुंडाळत होता. त्याचे डोळे भरले होते. "आई, ह्यो देवात ठेवू. आबांच्या फोटूपाशी."

"देवात कशाला?" लंकाबाई म्हणाली. "आन हिकडं. उन्हाळ्यात बोट वर घ्यायची तवा लागंल."

सुनील माझ्याकडे बघायला लागला. मलाही क्षणभर उमगलं नाही. सकाळपासून 'काय बी' म्हणणारी ही बाई पुढच्या उन्हाळ्याचं बोलत होती.

"आई, गरम केलं तर आंगठा जाईल त्यातला," सुनील म्हणाला.

"जाऊंदी. भोक बुजाय नगं का?"

तिने त्याच्या हातातला रुमाल सोडवला, गोळा काढला आणि करवंटीत त्या तीन गोळ्यांवर ठेवला. करवंटी बाकड्याखाली सारली. मग तशीच वाकलेली थांबली.

"मेणात त्याल घालायचं तुझं आबा. न्हाईतर तडकतंय," ती म्हणाली. "किती घालायचं ते मातर इचारायचं ऱ्हायलं."

आणि ती रडायला लागली. बाकड्याला धरून, मोठ्याने, लहान पोरासारखी. सुनील उठायला गेला, मी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं. इंजिन चालूच होतं. ते मी बंद केलं नाही.